मार्चअखेरचा साठा आणि माझी पीएचडी

लातूरच्या एका महाविद्यालयात एमबीएच्या विद्यार्थ्यांना वित्तीय व्यवस्थापन शिकवत असताना मी पीएचडी करायचे ठरवले, तेव्हा ओळखीच्या मंडळींनी सुचवलेले विषय बहुतेक एकाच साच्यातले होते. अमुक जिल्ह्यातील बँक कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान, तमुक शहरातील तरुणांचे ऑनलाइन खरेदीवर्तन, नाहीतर बचत गटांतील महिलांचे सक्षमीकरण. प्रश्नावली छापायची, ओळखीच्या लोकांकडून भरून घ्यायची, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, टक्केवारीचे तक्ते आणि रंगीत आलेख काढायचे आणि मोकळे व्हायचे, असा तो सरळ मार्ग होता. त्या मार्गाने गेलेल्यांत चांगले काम केलेले लोकही आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु ज्या गावात पहाटेपासून तुरीचे आणि सोयाबीनचे ट्रक उभे असतात आणि ज्या गावातली डाळ दक्षिणेकडच्या राज्यांपर्यंत जाते, तिथे वित्तीय व्यवस्थापन शिकवणाऱ्या बाईने डाळमिलच्या पैशाचा हिशेब सोडून दुसरे काही अभ्यासावे, हे मला पटेना. म्हणून लातूर आणि उदगीर परिसरातील डाळमिलमध्ये खेळते भांडवल, म्हणजे रोजच्या व्यवहाराला लागणारा पैसा, कसे उभे राहते, कुठे अडकते आणि किती दिवसांनी परत हातात येते, हा विषय मी घेतला.

प्रवेशाची वाट सर्वांना माहीत असते तशीच होती. आम्ही यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2016 च्या विनियमांखाली आलो. त्यात प्रवेश परीक्षेचा निम्मा भाग संशोधन पद्धतीवर आणि निम्मा विषयावर असे, उत्तीर्ण होण्यासाठी 50 टक्के गुण लागत आणि त्यानंतर मुलाखत होई. परीक्षेपेक्षा मार्गदर्शक मिळवणे अवघड गेले. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार इतकेच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. मराठवाड्यात वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेतील मान्यताप्राप्त मार्गदर्शकांची संख्या मुळात मर्यादित, त्यामुळे कोणाकडे जागा रिकामी होते यावर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. मला जे सर मिळाले ते स्वतः सहकारी साखर कारखान्यांच्या वित्तव्यवस्थेवर काम केलेले होते. विषय ऐकल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ‘‘आकडे कोण देणार आहे तुम्हाला?’’ पुढची अनेक वर्षे माझे सगळे काम या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले.

त्याच सुमारास आमच्याच विभागातील एका सहकाऱ्याने वेगळी वाट धरली. परदेशी संस्थेची डीबीए, म्हणजे व्यवसाय प्रशासनातील डॉक्टरेट, ऑनलाइन आणि हप्त्याने मिळते अशा जाहिराती तेव्हा मोबाइलवर सतत येत असत. नोकरी करत करत, प्रवेश परीक्षा न देता, दीड-दोन वर्षांत नावापुढे डॉक्टर लागेल, असे आश्वासन त्यात असे. डीबीए ही पदवी स्वतः काही खोटी नव्हे. अनुभवी व्यवस्थापकाने आपल्याच उद्योगातील प्रश्नावर संशोधन करावे, यासाठी ती अनेक देशांत दिली जाते. पण आपल्याकडे प्राध्यापकाच्या नेमणुकीला किंवा बढतीला तिचा उपयोग होईल का, हा प्रश्न निराळा आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये यूजीसी आणि तंत्रशिक्षण व व्यवस्थापन शिक्षणावर देखरेख करणारी एआयसीटीई या दोन्ही संस्थांनी जाहीर सूचना काढून सांगितले की, एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्यांनी परदेशी शिक्षणसंस्थांशी मिळून चालवलेल्या ऑनलाइन पीएचडी अभ्यासक्रमांना मान्यता नाही. सहकाऱ्याचे तोवर दोन हप्ते भरून झाले होते. ज्याला उद्योगातच राहायचे आहे त्याने डीबीए जरूर करावी, मात्र ज्याला वर्गात उभे राहायचे आहे त्याने पैसे भरण्यापूर्वी विनियम वाचावेत, असे माझे मत तेव्हा झाले आणि आजही ते तसेच आहे.

अभ्यासक्रमाचा टप्पा, म्हणजे कोर्सवर्क, मी थोडक्यात सांगते. संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, संगणकाचा वापर, आणि यूजीसीने नव्याने सक्तीचा केलेला संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम, असे त्याचे स्वरूप होते. उत्तीर्ण होण्यासाठी 55 टक्के लागत. कोविडमुळे बरेचसे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर झाले आणि त्यातले बरेचसे विसरलेही गेले. एक गोष्ट मात्र कामाला आली. व्यवसायाकडे रोख पैशाच्या नजरेने पाहायचे असेल तर तीन कालावधी एकत्र मांडावे लागतात: माल किती दिवस पडून राहतो, उधारी किती दिवसांनी वसूल होते आणि आपण इतरांचे देणे किती दिवस थांबवतो. पहिल्या दोहोंची बेरीज करून तिसरा वजा केला की रोख परिवर्तन चक्र मिळते. रिचर्ड्स आणि लाफलिन यांनी 1980 मध्ये मांडलेले हे सूत्र आम्ही एमबीएच्या वर्गात दहा मिनिटांत शिकवून पुढे जात होतो. त्याच सूत्रात माझी उरलेली वर्षे गेली.

संशोधन आराखडा समितीपुढे मांडला तेव्हा त्यात पद्धत रूढच होती. निवडलेल्या गिरण्यांचे पाच वर्षांचे ताळेबंद घ्यायचे, त्यांतून गुणोत्तरे काढायची आणि मालकांची मते प्रश्नावलीने घ्यायची. समितीतील एका सदस्यांनी विचारले की, यातल्या कित्येक गिरण्या भागीदारीत किंवा एकट्याच्या मालकीच्या आहेत, त्यांचे ताळेबंद कंपन्यांसारखे जाहीर होत नाहीत, ते तुम्हाला कसे मिळणार? सरांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की सनदी लेखापालांमार्फत, मालकांच्या लेखी संमतीने आणि गिरण्यांची नावे गुप्त ठेवून. आराखडा मंजूर झाला. प्रबंधात शेवटपर्यंत एकाही गिरणीचे नाव आले नाही. प्रत्येकीला एक अक्षर आणि एक आकडा एवढीच ओळख होती.

गिरण्यांची यादी करतानाच जमिनीवरचे चित्र आणि कागदावरचे चित्र यांत अंतर आहे, हे लक्षात येऊ लागले. सरकारी नोंदीत असलेल्या काही गिरण्यांच्या जागी आता मंगल कार्यालय किंवा सोयाबीनचे गोदाम होते. काही ठिकाणी एकाच आवारात भावाभावांच्या नावाने दोन-तीन नोंदी होत्या, पण यंत्र एकच. याउलट जोरात चालणाऱ्या काही गिरण्या यादीत नव्हत्याच. शेवटी एमआयडीसीतून आणि मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यांवरून फिरून, आडत्यांना, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या मध्यस्थांना, आणि बारदाना, म्हणजे रिकामी पोती, विकणाऱ्या दुकानदारांना विचारून मी माझी स्वतःची यादी तयार केली. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात या यादीला ‘संशोधनाचे समग्र’ असे भारदस्त नाव आहे.

डाळमिल आतून पाहिली नसेल तर तिचे अर्थशास्त्र समजत नाही. तूर आली की आधी चाळणीवर जाते, मग तिला रोल्यावर, म्हणजे फिरत्या खरखरीत रुळावर, घासून तेल लावतात, ढीग मारून मुरत ठेवतात, पाणी देतात, वाळवतात आणि पुन्हा रोल्यावर घेतात. हे एकदा करून भागत नाही. ऊन नसेल तर माल अंगणात अडतो आणि ड्रायर असेल तर इंधन खातो. साधारण 100 किलो तुरीतून 70 ते 75 किलो डाळ हाती येते, बाकीची चुनी आणि टरफल पशुखाद्याला जाते, आणि त्या चुनीचे पैसे बहुतेक रोख मिळतात. फटका डाळ वेगळी, तुकडा वेगळा, रंगावरून दाणे निवडणाऱ्या सॉर्टेक्स यंत्रातून निघालेला माल वेगळा, आणि प्रत्येकाचे गिऱ्हाईक व उधारीची मुदतही वेगळी. जुलै 2022 मध्ये 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटांवर 5 टक्के जीएसटी आला, तेव्हा अनेक ठिकाणी 30 किलोचे कट्टे दिसू लागले. एका कराच्या तरतुदीने पोत्याचा आकार बदलतो, पोत्याबरोबर दुकानदाराची एका वेळची खरेदी बदलते आणि तिच्याबरोबर उधारीचा आकडाही बदलतो. मी रोज पाहत होते म्हणून हे मला दिसले. नुसत्या ताळेबंदात ते कुठेच दिसले नसते.

माहिती गोळा करण्याचे काम रंगात आले होते, तेवढ्यात केंद्र सरकारने 2 जून 2023 रोजी तूर आणि उडीद यांच्यावर साठा मर्यादा लागू केली. घाऊक व्यापाऱ्याला 200 टन, आणि गिरणीला मागील तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक स्थापित क्षमतेच्या 25 टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. साठ्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरणे बंधनकारक झाले. सप्टेंबरात ही मर्यादा आणखी खाली आणली गेली. माझ्या प्रश्नावलीतील पहिलाच विभाग साठ्याचा होता. काल चहा पाजणारे शेठ आज ‘‘मॅडम, दिवाळीनंतर या’’ असे म्हणू लागले, आणि त्यांचे काही चुकत होते असे मला वाटत नाही. तपासणी पथक आणि संशोधक यांच्यातला फरक त्यांनी का ओळखावा? दोघेही कागद घेऊन येतात आणि दोघेही विचारतात की गोदामात किती माल आहे. सरांच्या सल्ल्याने मी साठ्याचा विभाग शेवटी नेला, चालू वर्षाऐवजी मागील वर्षांचे आकडे मागायला सुरुवात केली आणि काही महिने फक्त उधारी व देणी यांवरच काम केले.

या काळात एका जुन्या पेढीवर माझे जाणे-येणे वाढले. तिथले मुनीमजी वयाने सत्तरीच्या पुढचे होते. टेबलावर संगणक होता, त्यात टॅली होते आणि ते चालवायला एक बीकॉम झालेला मुलगाही होता. पण मुनीमजींच्या मांडीवर लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही असे आणि मुलगा मधूनमधून तिच्यात पाहूनच संगणकात नोंद करी. त्या वहीत दर पानाला उजवीकडे बारीक अक्षरांत पोत्यांचा आकडा असे, रुपयांचा नव्हे. मी पाच वर्षांच्या ताळेबंदांतून काढलेला साठ्याच्या दिवसांचा तक्ता त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही मार्चचा आकडा घ्यायलाव. मार्चात तर माल छताला लागलेला असतोय. तुम्ही दिवाळीच्या आधी येऊन बघा, गोदामात पाय पसरून झोपता येतंय.’’

तुरीची आवक आपल्याकडे डिसेंबरअखेरीस सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. भाव उतरलेले असताना गिरणी मालक जमेल तितका माल घेऊन ठेवतो आणि पुढे पावसाळाभर तो दळतो. म्हणजे 31 मार्च हा दिवस आर्थिक वर्षाचा शेवट असला तरी तुरीच्या व्यवसायात तो ऐन भरतीचा दिवस असतो. समजा, एका गिरणीत वर्षभरात 24 कोटींच्या किमतीचा माल दळला जातो आणि मार्चअखेर 8 कोटींचा साठा आहे, तर सूत्राप्रमाणे माल जवळपास 122 दिवस पडून राहतो. त्याच गिरणीचा बारा महिन्यांचा सरासरी साठा 4 कोटी असेल, तर हा आकडा एकदम 61 वर येतो. त्यातही गंमत अशी की, 1 एप्रिल 1989 पासून सर्वांना एकच आर्थिक वर्ष सक्तीचे होण्यापूर्वी कित्येक पेढ्यांचे हिशेब दिवाळीला मिटत असत. वहीपूजनाच्या दिवशी साठा सर्वांत कमी, आणि त्यामुळे तेव्हाच्या हिशेबात हीच गिरणी फार चपळ दिसली असती. धंदा तोच, पैसा तोच. हिशेब बंद करण्याची तारीख बदलली की चक्राची लांबी बदलते. वार्षिक ताळेबंदांवरून शेतमाल प्रक्रिया उद्योगांची तुलना करणारे जे अभ्यास मी वाचले होते, त्यांपैकी फारच थोड्यांनी ही बाब विचारात घेतली होती. माझ्या प्रबंधाला जर काही म्हणणे असेल तर ते एवढेच आहे.

म्हणणे सापडले तरी ते सिद्ध करण्यासाठी महिन्यागणिक आकडे हवे होते. ते बँकेत होते. गिरणीचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसे पैसे उचलण्याचे कर्जखाते, असेल तर दर महिन्याला बँकेला साठ्याचे आणि येणे रकमांचे विवरणपत्र द्यावे लागते, आणि त्यावरून पैसे उचलण्याची मर्यादा ठरते. मालकांनी त्यांच्याकडील स्थळप्रती दाखवायला हळूहळू संमती दिली. पण इथे दुसरी अडचण उभी राहिली. बँकेला साठा जास्त दाखवला तर उचल जास्त मिळते, आणि साठा मर्यादेच्या काळात सरकारला तो कमी दाखवण्याकडे कल असू शकतो. मग यातला खरा आकडा कोणता? सर म्हणाले की, जो आकडा कोणालाच दाखवायचा नसतो त्याच्याशी ताडून पाहा. असे दोन आकडे होते. एक विजेचे बिल, कारण रोला फिरल्याशिवाय डाळ होत नाही. आणि दुसरा बारदान्याची खरेदी, कारण पोत्याशिवाय डाळ बाहेर जात नाही. या दोहोंवरून दर महिन्याला किती माल दळला गेला याचा अंदाज काढून, आवकेतून तो वजा करून मी साठ्याचा वेगळा आकडा बांधला आणि तो बँकेच्या विवरणपत्राशी ताडून पाहिला. जिथे दोहोंत फार तफावत होती त्या गिरण्या विश्लेषणातून वगळल्या आणि त्या का वगळल्या ते प्रबंधात स्पष्ट लिहिले. माझ्या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आवडलेला भाग हाच आहे, जरी प्रबंधात त्याला मोजून नऊ पाने मिळाली असली तरी.

प्रश्नावलीबद्दलही सांगायला हवे. लिकर्ट यांनी 1932 मध्ये सुचवलेली ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टी आमच्या विद्याशाखेत जवळजवळ प्रत्येक प्रबंधात सापडते. प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा क्रोनबॅख अल्फा प्रायोगिक पाहणीत 0.9 च्याही वर आला होता. 0.7 पुरेसा मानला जातो, त्यामुळे एखाद्याने पेढे वाटले असते. पण कागद चाळून पाहिले तर बहुतेकांनी वरपासून खालपर्यंत ‘सहमत’वर खुणा केल्या होत्या. घरी आलेल्या मास्तरणीला ‘असहमत’ कसे म्हणायचे, हा संकोच त्या खुणांमध्ये होता, आणि तोच अल्फाच्या सुबक आकड्याच्या रूपाने समोर आला होता. म्हणून मी मतांचे प्रश्न बहुतेक काढून टाकले आणि घटनांचे प्रश्न घातले: मागच्या हंगामात आडत्याला किती दिवसांनी पैसे दिले, लवकर दिल्याबद्दल किती वटाव, म्हणजे सूट, मिळाला, कोणत्या महिन्यात हातउचल, म्हणजे तात्पुरती उसनवारी, घ्यावी लागली. अशा प्रश्नांना ‘सहमत’ असे उत्तर देता येत नाही.

या प्रश्नांमधूनच आडत्याची खरी भूमिका उलगडली. शेतकऱ्याला पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचे, पैसे लगेच द्यावे लागतात. गिरणी मालक मात्र आडत्याला काही दिवसांनी देतो. मधले दिवस आडत्या सांभाळतो. याचा अर्थ असा की लहान गिरणीचे खेळते भांडवल बँकेपेक्षा अधिक प्रमाणात आडत्याच्या पेढीतून येते, आणि त्याची किंमत व्याज म्हणून नव्हे तर भावातल्या थोड्याशा फरकाने आणि बुडालेल्या वटावाने चुकवली जाते. मोठ्या गिरण्यांना बँक मर्यादा वाढवून देते, म्हणून त्या रोखीने घेतात आणि वटाव मिळवतात. लहान गिरणीच्या पुस्तकात व्याजाचा खर्च कमी दिसतो, म्हणून ती स्वस्तात चालते असा निष्कर्ष कोणी काढला तर तो सपशेल चुकेल. कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांत मिळायला हवेत. पण डाळ घेणाऱ्या ‘पार्टी’ला ही कलमे दाखवणारा गिरणी मालक मला भेटला नाही. ‘‘कलम दाखवलं की पुढची गाडी दुसऱ्याकडं जाती,’’ असे एकाने हसत सांगितले.

आकड्यांचे विश्लेषण करताना सरांनी एक अट घातली होती: जे समजत नाही ते वापरायचे नाही. गिरण्यांच्या आकारमानात फार तफावत होती, दोन-चार मोठ्या गिरण्या सरासरी वर ओढत होत्या, त्यामुळे प्रसामान्य वितरण (नॉर्मल डिस्ट्रिब्युशन) गृहीत धरणाऱ्या चाचण्या बाजूला ठेवून मी स्पिअरमनचा क्रमसहसंबंध आणि क्रुस्काल-वॉलिस चाचणी या आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमावर चालणाऱ्या पद्धती वापरल्या. पैसे घेऊन विश्लेषण करून देणारे लोक आता तालुक्याच्या गावीही मिळतात. त्यांच्याकडून करून घेतलेल्या प्रबंधात सगळी गृहीतके हमखास सिद्ध होतात, असे माझे निरीक्षण आहे. माझी दोन गृहीतके नाकारली गेली, आणि ती प्रबंधात तशीच आहेत.

शोधनिबंधांचा टप्पा मात्र मनस्ताप देणारा होता. आम्हांला लागू असलेल्या 2016 च्या विनियमांप्रमाणे प्रबंध सादर करण्यापूर्वी परीक्षित नियतकालिकात एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणे आवश्यक होती. नोव्हेंबर 2022 च्या नव्या विनियमांनी ही सक्ती काढली, पण आमची नोंदणी त्याआधीची होती. ‘तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह’ असे संदेश व्हॉट्सॲपवर रोज येत. मान्यताप्राप्त यादीतील नियतकालिकाचे नाव आणि आयएसएसएन क्रमांक हुबेहूब उचलून उभी केलेली बनावट संकेतस्थळेही होती, आणि त्यांना पैसे पाठवून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. माझा पहिला निबंध दोनदा परत आला. दुसऱ्या वेळी परीक्षकाने लिहिले होते की, मासिक साठ्याचा मुद्दा शेवटच्या परिच्छेदात लपवला आहे, तो आधी मांडावा. अनोळखी माणसाने फुकट दिलेला तो सल्ला मी पुढे संपूर्ण प्रबंधाच्या मांडणीला लावला.

जुलै 2023 मध्ये आणखी एक घडामोड झाली. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीसाठी सक्तीची होऊ घातलेली पीएचडी ऐच्छिक झाली आणि नेट, सेट किंवा स्लेट या पात्रता परीक्षांपैकी एक उत्तीर्ण असणे हीच किमान अट राहिली. आमच्या तुकडीतील काहींनी त्यानंतर काम सोडले. नोकरीसाठी पदवी हवी असेल आणि नोकरीलाच तिची गरज उरली नसेल, तर त्यांचे बरोबरच होते. मी सुरू ठेवले ते बारदान्याचे आकडे अर्धे जुळले होते म्हणून. ते तसेच टाकून उठणे मला जमले नसते. घरी सासूबाईंना पीएचडी म्हणजे नेमके काय हे शेवटपर्यंत पटले नाही, पण तुरीचे भाव माझ्याआधी त्या सांगत, कारण औशाकडची शेती त्यांच्या नावावर होती.

वाङ्मयचौर्य तपासणीत 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. 2018 च्या विनियमांनी त्यापुढचे टप्पे आणि त्यांचे परिणाम ठरवून दिले आहेत. संदर्भसूची, अवतरणे, कायद्यांचा मजकूर हे त्यातून वगळले जाते. माझ्या प्रबंधात साम्य आले ते मुख्यतः दुसऱ्या प्रकरणात, जिथे पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा होता. ते प्रकरण मी मूळ लेख बाजूला ठेवून, फक्त टिपणांवरून पुन्हा लिहिले, आणि ते निम्म्याने लहान झाले. ते आधीच तसे असायला हवे होते, एवढीच सरांची प्रतिक्रिया होती.

पूर्वसादरीकरणानंतर प्रबंध बाहेरच्या दोन परीक्षकांकडे गेला आणि अहवाल अनुकूल आल्यावर खुली मौखिक परीक्षा ठरली. सभागृहात विभागातील लोक होते, दुसऱ्या महाविद्यालयातून आलेले संशोधक होते आणि शेवटच्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यातले दोन गिरणी मालकही होते. बाहेरच्या परीक्षकांनी लातूरच का, जालना का नाही, अकोला का नाही, असे विचारले. त्याचे उत्तर तयार होते. मग त्यांनी विचारले, ‘‘मे 2021 पासून तुरीची आयात मुक्त आहे. आफ्रिकेतला माल ऑगस्टपासून बंदरात उतरतो. तो दळणाऱ्या गिरणीत दिवाळीला साठा सर्वांत कमी असेल, असे तुम्ही कशावरून म्हणता?’’

हा प्रश्न नेमका दुखऱ्या जागी बसला होता. मी सांगितले की, आयात तूर दळणाऱ्या मोठ्या गिरण्यांच्या आलेखात वर्षात दोन उंचवटे दिसतात आणि माझा निष्कर्ष प्रामुख्याने स्थानिक तुरीवर चालणाऱ्या लहान व मध्यम गिरण्यांपुरता आहे. पाचव्या प्रकरणात ही मर्यादा नोंदवलेली आहे. त्यांनी पाने उलटली, ती ओळ शोधली आणि म्हणाले की ही ओळ पाचव्या प्रकरणात नको, निष्कर्षात हवी. तेवढी दुरुस्ती करून प्रत विद्यापीठात दिली. अधिसूचना निघाली आणि प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर गेला. मागे बसलेल्या दोघांपैकी एकाने बाहेर आल्यावर विचारले की, तो मासिक साठ्याचा तक्ता एक्सेलमध्ये मिळेल का, कारण बँकेत मर्यादा वाढवून मागायची आहे. तो मी त्याच आठवड्यात पाठवला.

आता नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला मार्गदर्शक होण्यासाठी परीक्षित नियतकालिकांत किमान तीन शोधनिबंध लागतात. माझे दोन झाले आहेत. तिसरा त्या दुसऱ्या उंचवट्यावर आहे, आणि त्यासाठी आयात तूर घेणाऱ्या गिरण्यांचे ऑगस्ट ते नोव्हेंबरचे आकडे गोळा करण्याचे काम सध्या चालू आहे.